पोचपावती आहे, पत्र नाही : वायरलेस परीक्षेसाठी घरी उभारलेल्या लॅबचं प्रकरण

मावसभावाने मला त्याची लॅब बघायला बोलावलं तेव्हा टेबलावर छताला लावायचे तीन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी यंत्रं), केबलमधूनच वीज देणारा आठ पोर्टचा पीओई स्विच आणि केबलचं भेंडोळं होतं. सामान येऊन सहा आठवडे झाले होते आणि त्यातल्या एकाही ॲक्सेस पॉइंटने अजून एसएसआयडी, म्हणजे वाय-फायचं नाव, प्रसारित केला नव्हता.

आधी त्याच्याविषयी. वायर्ड नेटवर्कमध्ये चार वर्षं काम केलेलं, व्हीलॅन आणि राउटिंग म्हणजे हातचा मळ. आता त्याला वायरलेस नेटवर्कची सीडब्ल्यूएनए ही परीक्षा द्यायची होती. सीडब्ल्यूएनपी या संस्थेची ही पायाची परीक्षा: ६० प्रश्न, ९० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. सुरक्षा, विश्लेषण आणि आराखडा या पुढच्या तिन्ही परीक्षांची वाट हिच्यातूनच जाते. एखाद्या कंपनीच्या मेनूत काय कुठे आहे हे ती विचारत नाही. ती ८०२.११ या वाय-फायच्या मानकावर आणि रेडिओलहरींच्या वागण्यावर आहे.

सराव प्रश्नांत त्याचे गुण साठीच्या आसपास अडकले होते. पाठांतर उत्तम होतं. दोन फ्रेममधल्या थांब्यांचे आकडेच घ्या: ५ गिगाहर्ट्झवर सिफ्स १६ मायक्रोसेकंद, स्लॉट ९, म्हणून डिफ्स १६ अधिक दोन स्लॉटचे १८, म्हणजे ३४. हे झोपेतून उठवलं तरी त्याने सांगितलं असतं. मी माझ्या लॅपटॉपवर एक जुनं कॅप्चर, म्हणजे हवेतून टिपलेल्या फ्रेमची (संदेशांच्या तुकड्यांची) नोंद, उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही फ्रेम कोणी पाठवली?" तो बराच वेळ शोधत राहिला. फ्रेम साधी ॲक, म्हणजे पोचपावती, होती. तिच्यात पाठवणाऱ्याचा पत्ता नसतोच, फक्त घेणाऱ्याचा असतो. कोणी पाठवली ते आधीच्या फ्रेमवरून ओळखायचं. हे त्याने वाचलं होतं, पुस्तकात खाली रेघही मारली होती. डोळ्यांनी मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

सामान होतं, कान नव्हता

ते तीन ॲक्सेस पॉइंट मोठ्या कार्यालयांत वापरले जाणारे, जुने म्हणून विकायला निघालेले. त्यांच्यात जे सॉफ्टवेअर होतं ते कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांना चालवणारं मध्यवर्ती यंत्र, सापडेपर्यंत काहीच करत नाही. चालू झालं की डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून पत्ता घ्यायचा, कंट्रोलर शोधायचा, नाही सापडला की पुन्हा सुरू व्हायचं. सहा आठवडे तो हेच बघत होता. निर्मात्याचं नाव घेण्याची गरज नाही, कारण ही रचना त्या एकट्याची नाही. घेण्याआधी एकच गोष्ट विचारायला हवी होती: हा स्वतंत्रपणे चालतो की कंट्रोलरशिवाय मुका राहतो? कंट्रोलरचं आभासी रूप काही जणांकडून मिळतं, पण मग परवाना, त्याची मुदत आणि आवृत्त्यांचा मेळ हे सगळं मागोमाग येतं. ज्या परीक्षेत त्यातलं जवळपास काहीच विचारणार नाहीत तिच्यासाठी यात दिवस घालवणं मला पटलं नाही.

स्विचनेही एक धडा दिला. तो केबलमधून वीज देण्याच्या ८०२.३एएफ मानकाचा, म्हणजे पोर्टवर १५.४ वॉट आणि केबलच्या टोकाला १२.९५ वॉट. तिन्हींतल्या एका ॲक्सेस पॉइंटला ८०२.३एटी हवं होतं, टोकाला २५.५ वॉट देणारं. कमी वीज मिळाल्यावर तो बंद पडला नाही. त्याने आपल्या काही अँटेना गुपचूप बाजूला ठेवल्या आणि लॉगमध्ये एक ओळ लिहिली. प्रत्यक्ष कामात हा प्रकार महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ते यंत्र बाजूला ठेवण्याआधी मी त्याला ती ओळ वहीत उतरवून घ्यायला लावली.

माझं म्हणणं असं होतं, आणि अजूनही आहे, की वायरलेसच्या लॅबमध्ये पहिली खरेदी ऐकणाऱ्या यंत्राची करावी. वायर्डमध्ये स्विच आणि राउटर हातात असले की बरंच काही कळतं, कारण तिथे जे बिघडतं ते बहुतेक कॉन्फिगरेशनमध्ये दिसतं. हवेत जे घडतं ते ॲक्सेस पॉइंटच्या मेनूत दिसत नाही. ते ऐकावं लागतं. आणि ऐकायला लागतं मॉनिटर मोडमध्ये जाणारं, म्हणजे हवेतलं सगळं नुसतं ऐकत राहणारं, यूएसबी ॲडॅप्टर. ते निवडताना डब्यावरच्या नावाला काही किंमत नाही, आतली चिपसेट काय आहे ते बघायचं. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत दोन वेगळ्या चिपसेट सापडतात. एथेरॉसची एआर९२७१ जुनी आणि भरवशाची, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि वाय-फायच्या ८०२.११एन या जुन्या पिढीपर्यंत. मीडियाटेकची एमटी७६१२यू ५ गिगाहर्ट्झ आणि ८०२.११एसी ऐकते, एमटी७९२१एयू ८०२.११एएक्स आणि ६ गिगाहर्ट्झही. या सगळ्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहेत, म्हणजे कर्नल बदलल्यावर ड्रायव्हर पुन्हा जुळवत बसावं लागत नाही.

त्याने एमटी७६१२यूची दोन ॲडॅप्टर घेतली. दोन का, ते पुढे येईल. ॲक्सेस पॉइंट म्हणून ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालणारे दोन जुने घरगुती राउटर, ओळख पडताळणाऱ्या रेडियस सर्व्हरसाठी एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, क्लायंट म्हणून त्याचा आयफोन आणि एक जुना लॅपटॉप, कॅप्चरसाठी लिनक्स घातलेला दुसरा लॅपटॉप. लॅब एवढीच. आणि एक वही. तिचा नियम मी घालून दिला: प्रयोगाआधी लिहायचं की कुठल्या फ्रेम दिसतील, कोणाकडून कोणाकडे, कुठल्या क्रमाने. मग कॅप्चर घ्यायचं. लिहिलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही तर पुढच्या प्रयोगाकडे जायचं नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरली. हवा सामायिक असते, त्यामुळे शेजारच्या घरांचे बीकन (राउटर आपण असल्याची सतत देतो ती हाक) ॲडॅप्टरला ऐकू येणारच. म्हणून फिल्टर आपल्या दोन राउटरच्या मॅक पत्त्यांवर, म्हणजे यंत्रांच्या ओळख-क्रमांकांवर, लावायचा, बाकीचं साठवायचं नाही, आणि जोडणी तोडणाऱ्या डीऑथेंटिकेशन फ्रेमचे प्रयोग फक्त आपल्या यंत्रांवर करायचे. फोनमधला खासगी मॅक पत्ता लॅबच्या एसएसआयडीपुरता बंद केला, नाहीतर कोण कोण हे ओळखण्यातच वेळ गेला असता.

पोचपावती आहे, पत्र नाही

तिसऱ्या रात्री त्याचा फोन आला. "ताई, फोन सांगतोय मिळालं म्हणून, पण राउटरने काही पाठवलेलंच दिसत नाही."

त्याने राउटर चॅनेल ३६ वर ठेवला होता, आयफोनवर एक मोठी फाइल उतरवायला लावली होती आणि ॲडॅप्टर त्याच चॅनेलवर ऐकत होतं. कॅप्चर दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये बीकन व्यवस्थित, आरटीएस ('बोलू का?') आणि सीटीएस ('बोल') व्यवस्थित, आणि मग ब्लॉक ॲकची, म्हणजे अनेक फ्रेमच्या एकत्र पोचपावतीची, रांग. आरटीएस, सीटीएस, ब्लॉक ॲक. आरटीएस, सीटीएस, ब्लॉक ॲक. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती डेटा फ्रेम मधून गायब. वहीत त्याने "आरटीएस, सीटीएस, डेटा, ब्लॉक ॲक" असं लिहिलेलं होतं. त्याला वाटलं ॲडॅप्टर खराब निघालं.

मी म्हटलं, ॲडॅप्टर राहू दे, एक ब्लॉक ॲक उघड आणि वाचून दाखव. ॲकसारखी ही फ्रेम मुकी नसते, हिच्यात घेणारा आणि पाठवणारा दोन्ही पत्ते असतात. पाठवणारा होता फोन, घेणारा राउटर. त्याखाली सुरुवातीचा अनुक्रमांक आणि ६४ बिटांचा नकाशा. नकाशातला प्रत्येक बिट एकेका फ्रेमचा: १ म्हणजे पोचली, ० म्हणजे नाही. बहुतेक ठिकाणी १ होते, मध्येच दोन ०. पुढच्या ब्लॉक ॲकमध्ये अनुक्रमांक त्या दोन हुकलेल्यांपैकी पहिलीपासून सुरू झाला, आणि या खेपेला ते दोन्ही बिट १ होते. म्हणजे राउटरने त्या दोन पुन्हा पाठवल्या आणि त्या पोचल्या. एकही डेटा फ्रेम न पाहता आम्ही दोघं तिचं सगळं येणंजाणं वाचत होतो. पत्र हाती नसताना पोचपावत्यांवरून पत्रव्यवहार उलगडावा तसं. तो म्हणाला, "म्हणजे बहिरा मीच आहे, ते बरोबर बोलतायत."

आता कारण. राउटर ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर होता: चॅनेल ३६, ४०, ४४, ४८ मिळून, केंद्र ५२१० मेगाहर्ट्झ. ॲडॅप्टर त्याने फक्त चॅनेल ३६ सांगून लावलं होतं, म्हणजे २० मेगाहर्ट्झ. बीकन २० मेगाहर्ट्झवरच जातात. आरटीएस, सीटीएस, ब्लॉक ॲक या नियंत्रण फ्रेम जुन्या पद्धतीच्या, ६, १२ किंवा २४ मेगाबिटच्या दराने जातात, आणि रुंद चॅनेलवर त्यांची एकेक प्रत प्रत्येक २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टाकली जाते, म्हणजे जुन्या यंत्रांनाही हवा अडलेली आहे हे कळावं. म्हणून त्या सगळ्या ऐकू आल्या. डेटा मात्र चारही पट्ट्यांवर एकत्र पसरलेला. एका पट्ट्याला कान लावून तो कळणार कसा?

ॲडॅप्टर ५१८० मेगाहर्ट्झ, रुंदी ८०, केंद्र ५२१० असं नीट लावलं आणि फोनचा डेटा दिसायला लागला. त्याने लगेच जुन्या लॅपटॉपवर तोच प्रयोग केला. पुन्हा पोचपावत्यांचीच रांग! या वेळी मी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा संदेश आला: लॅपटॉप तीन स्ट्रीमचा (एकाच वेळी तीन धारांत डेटा घेणारा), राउटर तीन स्ट्रीमचा, ॲडॅप्टर दोनचं. असोसिएशन रिक्वेस्टमध्ये, म्हणजे जोडून घेण्याच्या विनंतीत, लॅपटॉपने आपली क्षमता स्वतःच जाहीर केली होती, तिथे त्याला सापडलं. तीन धाग्यांत विणलेलं दोन अँटेनांनी उसवता येत नाही. मग त्याने राउटरलाच दोन स्ट्रीमवर आणलं आणि डेटा दिसू लागला.

तरी काही फ्रेम हुकत होत्या. ॲडॅप्टर राउटरच्या शेजारी ठेवलं की राउटरचं बोलणं स्पष्ट, पण पलीकडच्या खोलीतल्या फोनचं अर्धवट. फोनपाशी ठेवलं की उलट. फोन आपला दर राउटरच्या कानांना झेपेल असा निवडतो, आमच्या ॲडॅप्टरच्या कानांशी त्याला देणंघेणं नाही. कॅप्चर हे हवेचं छायाचित्र नसून एका जागी बसलेल्या एका कानाने काय ऐकलं त्याची नोंद आहे, हे त्याला त्या आठवड्यात उमगलं. जाता जाता एक गैरसमजही गेला. वायरशार्क प्रत्येक फ्रेमवर सिग्नलची ताकद दाखवतो ती फ्रेमचा भाग आहे असं तो धरून चालला होता. ती रेडिओटॅपमध्ये असते, आणि रेडिओटॅप हवेतून येत नाही. ऐकणारं ॲडॅप्टर ते स्वतः पुढे जोडतं.

मी या भागावर एवढी रेंगाळले, कारण सराव प्रश्नांत त्याच्या चुका नेमक्या इथे होत होत्या: चॅनेलची रुंदी, स्ट्रीम, मूलभूत दर, जुन्या यंत्रांचं संरक्षण. चार वेगवेगळी प्रकरणं म्हणून पाठ केलेल्या गोष्टी एका गायब फ्रेमपाशी एकत्र आल्या. नंतर शिकण्यापुरता आम्ही राउटर २० मेगाहर्ट्झवरच ठेवला. स्वतःच्या लॅबमध्ये बोलणाऱ्यालाही आपण हळू बोलायला सांगू शकतो, ही सोय कामाच्या ठिकाणी मिळत नाही.

आकडे आणि भिंती

डीबीची (डेसिबलची) आकडेमोड त्याला येत होती. ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट, २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट. मोकळ्या हवेत ५ गिगाहर्ट्झला पहिल्या मीटरला सुमारे ४७ डीबी जातात, २.४ ला सुमारे ४०, आणि अंतर दुप्पट झालं की आणखी ६. त्याने हिशेब मांडला: राउटरकडून २० डीबीएम, एक मीटरवर उणे २७ दिसायला हवेत. ॲडॅप्टरने उणे ३६ दाखवले. नुसतं आडवं वळवल्यावर उणे ४२. पहिली प्रतिक्रिया "सूत्र चुकलं" अशी होती. सूत्र बरोबर होतं. हिशेबात न धरलेली ॲडॅप्टरची छोटी अँटेना, तिचं राउटरच्या अँटेनाशी न जुळणारं ध्रुवीकरण (लहरींचं उभं-आडवंपण), आणि मुळात आरएसएसआय, म्हणजे आलेल्या सिग्नलची ताकद, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या परीने काढलेलं माप. त्याला मापनयंत्राची अचूकता नसते. दोन वाचनांतला फरक एकाच ॲडॅप्टरवर, एकाच दिशेने घेतला तर उपयोगी, एवढं धरून पुढे गेलो.

बीकनचा हिशेब मात्र चोख जमला. बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी जातो. २.४ गिगाहर्ट्झवर चार एसएसआयडी आणि सर्वांत कमी दर १ मेगाबिट. ३०० बाइटचा बीकन म्हणजे २४०० बिट, २४०० मायक्रोसेकंद, वर १९२ मायक्रोसेकंदांचं प्रास्ताविक, सुमारे २.६ मिलिसेकंद. चारांचे १०.४. म्हणजे कोणी एक अक्षर न पाठवता दहावा हिस्सा हवा खर्ची पडली. किमान दर २४ मेगाबिट केल्यावर तेच चार बीकन मिळून अर्ध्या मिलिसेकंदात आटोपले. हा आकडा त्याने कागदावर काढला, मग कॅप्चरमध्ये बीकनचा दर आणि लांबी बघून पडताळला. त्यानंतर "एसएसआयडी कमी ठेवा" हा सल्ला त्याला कोणी पटवून द्यावा लागला नाही.

डीएफएसने, म्हणजे काही चॅनेलवर आधी रडार आहे का ते ऐकण्याच्या नियमाने, त्याला एकदा चांगलंच घाबरवलं. चॅनेल ५२ निवडला आणि एसएसआयडी नाहीसा झाला. तो राउटर पुन्हा पुन्हा चालू-बंद करत राहिला, आणि दर वेळी ६० सेकंदांची रडारची चाहूल घेण्याची मुदत नव्याने सुरू होत राहिली.

किल्ल्या आणि घड्याळ

डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेचं कॅप्चर उलगडायला पासफ्रेज (वाय-फायचा पासवर्ड) आणि एसएसआयडी दोन्ही लागतात, कारण मूळ किल्ली त्या दोघांतून ४०९६ फेऱ्या मारून तयार होते. पण तेवढं पुरत नाही. चार संदेशांचा हँडशेक, म्हणजे जोडणीच्या वेळची देवाणघेवाण, कॅप्चरमध्ये असावाच लागतो, कारण त्या जोडणीपुरते दोन यादृच्छिक आकडे त्यातच असतात. त्याचं पहिलं कॅप्चर फोन जोडल्यानंतर सुरू झालेलं, त्यामुळे पासफ्रेज बरोबर असूनही सगळं बंद राहिलं. विमान मोड लावून काढला, हँडशेक आला, मजकूर उघडला.

मग तोच राउटर डब्ल्यूपीए३वर. या खेपेला हँडशेकही आहे, पासफ्रेजही आहे, तरी मजकूर उघडेना. इथे तो दोन दिवस अडला आणि मी अडू दिलं. शेवटी त्याने हँडशेकच्या आधीच्या फ्रेम नीट पाहिल्या. ऑथेंटिकेशन फ्रेममध्ये अल्गोरिदमचा क्रमांक असतो: ० म्हणजे उघडं, २ म्हणजे एफटी (ॲक्सेस पॉइंट झटपट बदलण्याची पद्धत), ३ म्हणजे एसएई (डब्ल्यूपीए३ची पद्धत). इथे ३ होता, आणि दोनाऐवजी चार फ्रेम होत्या: दोन्ही बाजूंच्या कमिट, दोन्ही बाजूंच्या कन्फर्म. मूळ किल्ली प्रत्येक वेळी त्या देवाणघेवाणीतून नव्याने बनते. ऐकणाऱ्याला पासफ्रेज ठाऊक असली तरी ती काढता येत नाही. त्याने वहीत लिहिलं, "न उघडणं हेच बरोबर उत्तर." त्याच बैठकीत डीऑथेंटिकेशन फ्रेम स्वतःच्या फोनवर टाकून पाहिली. डब्ल्यूपीए२वर व्यवस्थापन फ्रेमचं संरक्षण बंद असताना फोन तुटला. डब्ल्यूपीए३वर, जिथे ते संरक्षण सक्तीचं आहे, तो ढिम्म हलला नाही.

प्रत्येकाची वेगळी ओळख तपासणाऱ्या ८०२.१एक्ससाठी रास्पबेरी पायवर फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर, स्वतःच तयार केलेलं प्रमाणपत्र-प्राधिकरण आणि प्रमाणपत्रांनी ओळख पटवणारी ईएपी-टीएलएस. पहिल्या दिवशी चाललं. दुसऱ्या दिवशी सर्व्हर प्रत्येक विनंती नाकारू लागला. कॉन्फिगरेशनमध्ये कशालाही हात लावलेला नव्हता. लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं: क्लायंटचं प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही. त्याच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. वीज गेली की ते मागे पडायचं, आणि लॅब मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेली असल्याने त्याला खरी वेळ सांगणारं कोणी नव्हतं. सर्व्हरच्या दृष्टीने आदल्या दिवशी दुपारी बनवलेलं प्रमाणपत्र भविष्यातलं होतं. लॅपटॉपलाच वेळेचा सर्व्हर केलं आणि प्रश्न मिटला. मोठ्या नेटवर्कमध्येही ८०२.१एक्सच्या तक्रारीत मी घड्याळ आधी बघते.

न हलणारा फोन

दोन राउटर, एकच एसएसआयडी, एक चॅनेल ३६ वर, दुसरा ४४ वर, दोन खोल्यांत. फोन घेऊन तो फेऱ्या मारत राहिला आणि फोन पहिल्या राउटरला चिकटून राहिला. कुठे जोडायचं हे क्लायंट ठरवतो, एवढं त्याला ठाऊक होतं. ॲपलने आपल्या कागदपत्रांत आयफोनसाठी दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधायला लागण्याचा उंबरठा उणे ७० डीबीएम दिला आहे, आणि नवा ॲक्सेस पॉइंट डेटा चालू असताना ८ डीबीने, नसताना १२ डीबीने सरस असावा लागतो. लहान घरात हा उंबरठा येतच नाही. दुसऱ्या खोलीतही पहिला राउटर उणे ५८ ने ऐकू येत होता.

त्याने पॉवर २० वरून ५ डीबीएमवर आणली. १५ डीबी कमी, म्हणजे उणे ७३ यायला हवेत. आले उणे ६६. मेनू ५ म्हणत होता, पण रेडिओ प्रत्यक्षात ८ डीबीच खाली आला होता. हे त्याने वहीतल्या वजाबाकीवरून पकडलं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटला. उरलेलं काम लोखंडी कपाटाने केलं: राउटर आत, केबलपुरती दाराला फट. उणे ७४. फोन हलला.

दोन ॲडॅप्टर इथे लागली. एक रेडिओ एका वेळी एकाच चॅनेलवर ऐकतो. फोन ३६ सोडून ४४ वर गेला की एकच कान असलेल्याला अर्धी गोष्ट कळते. दोन्ही एकाच लॅपटॉपला जोडलेली असल्याने घड्याळ एक, आणि दोन्ही कॅप्चर एका ओळीत बसतात. साध्या पासफ्रेजवर फिरताना ऑथेंटिकेशनच्या दोन, रीअसोसिएशनच्या दोन आणि हँडशेकच्या चार, अशा आठ फ्रेम. ८०२.११आर (म्हणजे वर आलेली एफटी) चालू केल्यावर हँडशेकचं काम आधीच्या चारांतच उरकतं. त्याचं मात्र उरकेना. दोन्ही राउटरच्या बीकनमधला ५४ क्रमांकाचा घटक शेजारी शेजारी ठेवून पाहिला तेव्हा मोबिलिटी डोमेनचा, म्हणजे राउटरांच्या गटाचा, आकडा वेगवेगळा निघाला. तो एकसारखा केल्यावर चार फ्रेम आल्या. "आठाचे चार झाले, यात एवढं काय?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आता हेच ईएपी-टीएलएसवर कर. तिथे ८०२.११आर नसताना प्रमाणपत्रांचे तुकडे इकडून तिकडे जाता जाता स्क्रीन भरून गेली, आणि ते असताना पुन्हा चारच फ्रेम. बोलताना फोनचा आवाज का तुटतो हे त्या दोन कॅप्चरांत समोर होतं.

जे या लॅबमध्ये आलं नाही

दिशादर्शक अँटेनांचे आकृतिबंध, शेकडो क्लायंट असलेलं सभागृह, कंट्रोलरची रचना, व्यावसायिक सर्वेक्षण. यातलं काहीही दोन खोल्यांत उभं राहत नाही. स्पेक्ट्रम बघायला त्याच्याकडे एक स्वस्त एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) होता, पण तो २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचतच नव्हता. इमारतींमधल्या दुव्यांसाठी आम्ही कागदावर फ्रेनेल क्षेत्र (दोन अँटेनांमधला लहरींना मोकळा लागणारा भाग) काढलं: १ किलोमीटर अंतर, ५.५ गिगाहर्ट्झ, मध्यावर त्रिज्या सुमारे ३.७ मीटर, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. लिनक्समध्ये मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचा आभासी रेडिओही आहे. प्रवासात एसएई आणि एफटीच्या फ्रेम बघायला त्याने तो वापरला. त्यात फ्रेम खऱ्या असतात, पण भिंत नसते, गोंगाट नसतो, त्यामुळे मी त्याला पूरक म्हणते, पर्याय म्हणत नाही.

लॅब चालू झाल्यापासून चौथ्या महिन्यात त्याने परीक्षा दिली आणि पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाला. प्रश्न कुठले आले ते त्याने सांगितलं नाही, परीक्षेच्या अटींनुसार सांगायचे नसतात आणि मी विचारलेही नाहीत. छताचे तीन ॲक्सेस पॉइंट अजून खोक्यात आहेत.

निकालानंतर आठवड्याने रात्री त्याचा फोन आला. रोमिंगची (फोनने राउटर बदलण्याची) जुनी कॅप्चर तो पुन्हा चाळत होता. चॅनेल ३६ वर फोनने एक रिकामी फ्रेम पाठवलेली: आत डेटा काही नाही, फक्त पॉवर मॅनेजमेंटचा बिट १. म्हणजे राउटरला सांगणं, मी झोपतोय, माझ्यासाठी आलेलं राखून ठेव. त्यानंतर लगेच दुसऱ्या ॲडॅप्टरवर, चॅनेल ४४ वर, त्याच फोनची प्रोब रिक्वेस्ट. आणि मग ३६ वर पुन्हा रिकामी फ्रेम, बिट ०.

"ताई, तो झोपतच नाही," तो म्हणाला. "झोपतोय म्हणून सांगतो आणि पलीकडे कोण आहे ते बघून येतो."